तोंड रस्त्याकडे

पश्चिम ऑस्ट्रेलिया
रविवार, १२ जुलै १९९८

प्रिय रॉबी,

तुझं पत्र पोस्टातून शुक्रवारी हातात पडलं. तू, टेरी, संत्र्यांची बाग आणि तो आंधळा होत चाललेला कुत्रा, सगळे ठीक आहेत हे वाचून बरं वाटलं. आम्हीही ठीक. इथे थंडी आहे, पण ओली थंडी. आमच्या जुन्या बॅलरॅटसारखी हाडांत शिरणारी नाही. डेस आराम करतोय.

तर तुम्ही कॅरव्हान घेतलीत! वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून 'घर विकून रस्त्यावर येणं म्हणतात ते हेच' असं मला सुनावणारी ती माझी धाकटी बहीण रॉबीन कुठे गेली? आणि मीही तुला मत्सरी म्हणाले होते, ते विसरलेली नाही. माझी पोस्टकार्डं तू फ्रिजवर ओळीने लावली आहेस, रोज सकाळी चहा घेताना बघतेस, आणि ती बघून बघूनच टेरीचं मन वळलं, असं लिहिलंयस. कार्डांचं काय गं, चित्रं छापणारे चांगलीच छापतात.

थांब्यांबद्दल सांग म्हणतेस. कुठे उतरावं, काय करावं, काय करू नये. डेसला विचारून लिही म्हणतेस. त्याला विचारायची गरज नाही, मला माहीत आहे ते सांगते.

पहिलं म्हणजे उजेड असताना पोचा. सूर्य कलला की कांगारू रस्त्यावर येतात आणि तेव्हाच टेरीसारख्यांना 'अजून थोडं जाऊ' असं वाटतं. नाही जायचं. थांबा दिसला, दिवस उरलाय, तरी थांबायचं. चहा जास्त पिऊन होतो, एवढंच नुकसान. थांब्यावर शिरताना लांबलचक मोकळी जागा दिसेल आणि तुम्हाला वाटेल, वा, आपल्यासाठीच. ती ट्रकवाल्यांची. तीन-तीन डबे ओढणारा माणूस दिवसभर चालवून आला आणि त्याच्या जागेत तुम्ही खुर्च्या मांडून बसलेले दिसलात, तर तो काही बोलणार नाही, पुढे जाईल, आणि पुढे कुठेतरी स्टिअरिंगवरच डुलकी घेईल. ते पाप आपल्या माथी नको.

दुसऱ्याच्या अगदी कुशीत जाऊन उभं राहू नका. एवढा मोठा मुलूख पसरलाय आणि लोक येऊन बरोबर आपल्या खिडकीला खिडकी लावतात. हात हलवून नमस्कार करायचा, 'वारा काय सुटलाय' म्हणायचं. समोरच्याने दुसरी खुर्ची उघडली तर बसायचं, नाहीतर आपल्या वाटेने जायचं. कुणी एकटा फिरत असेल तर 'बायको कुठेय' असं विचारायचं नाही. आणि पडदे ओढलेले असतील तर दार वाजवायचं नाही. हा सगळ्यात मोठा नियम. त्यालाही अपवाद असतो, पण ते राहू दे.

टाकीतलं पाणी बेतानं. थांब्यावर पावसाच्या पाण्याची टाकी असते, ती पिण्यापुरती. डेसने एकदा एका बाईला तिथे केस धुताना पाहिलं तेव्हा त्याचा कसा भडका उडाला होता, ते तो तुम्हाला सांगेल. म्हणजे सांगितलं असतं. संडासाची टाकी ओतायची तर नेमलेल्या खड्ड्यातच, झुडपाआड नाही, मग तो खड्डा कितीही लांब असो. हे काम टेरीचं ठरवून टाक, पहिल्याच दिवशी. निघताना सिलिंडर बंद. आत हीटर लावून सगळी भोकं बुजवून झोपू नका, गारठलात तर आणखी एक पांघरूण घ्या. आणि कॅरव्हानच्या चाकांना लाकडी ठोकळे लावल्याशिवाय पुढची गाडी सोडवू नका. हे मी डोळ्यांनी पाहिलंय: एकाचं घर उतारावरून एकटंच फिरायला निघालं होतं आणि मागे तो बाथरोबमध्ये धावत.

जनरेटरचं मात्र लक्षात ठेव. अंधार पडला की बंद. त्यावरून भांडणं होतात. मोठ्या पठारावर, त्या सरळसोट रस्त्यावरच्या एका थांब्यावर, आमच्या शेजारी मर्व्ह नावाचा एक माणूस होता. हा लठ्ठ, लाल मानेचा. टीव्हीवर फुटबॉलची मॅच बघायला त्याने जनरेटर लावला तो लावलाच. डेस दोनदा खाकरला, मग उठून गेला. मला सगळं ऐकू येत होतं.

"दादा, माणसं इथे शांततेसाठी येतात."

"मग जा ना पुढे. पठार संपलंय का?"

"तुझ्यासारख्यांना कारखान्यात ठेवायला पाहिजे."

"आणि तुझ्यासारख्यांना चर्चमध्ये."

शर्ली, त्याची बायको, दारात येऊन म्हणाली, "मर्व्ह, बंद कर तो खटारा, आपण हरतोयच." तेव्हा कुठे शांत झालं. डेस परत आला, लाल झालेला, कानशिलं चोळत. म्हणाला, "असल्या माणसाकडे मी मरताना पाणीसुद्धा मागणार नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी— जाऊ दे, ती लांबण आहे.

एक गोष्ट मात्र मी गळ्याची शपथ घालून सांगते. थांब्यावर शिरलात की गाडीचं तोंड रस्त्याकडे करून उभी करा. कितीही दमला असाल, टेरी कितीही म्हणाला की 'सकाळी बघू', तरी. पुढून सरळ निघता आलं पाहिजे. आणि तू गाडी चालवायला शिक. नुसती गाडी तुला येते, ते मला माहीत आहे. मागे घर जोडलेली गाडी. मागे घ्यायलासुद्धा. जोड सोडवायला आणि लावायलासुद्धा. टेरी हसेल, म्हणेल मी आहे ना. त्याला हसू दे आणि तू शिक. बागेत झाडांच्या दोन ओळींमधून मागे घेऊन बघ.

घराच्या विक्रीची घाई करू नका. तुमचं ते गिऱ्हाईक ऑगस्टअखेर सह्या करायला येणार म्हणतेस. पळून जात नाही ते. आधी एक-दोन महिने भाड्याने देऊन बघा. मी हे उगाच म्हणतेय असं समज.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. फोनच्या डब्यात नाणी गिळली जातात आणि वारा एवढा, की ऐकू येत नाही. पत्र पर्थच्या मोठ्या पोस्टाच्या पत्त्यावरच पाठव, मला मिळतं.

डेसचा टेरीला नमस्कार.

तुझी,
ग्लेन


पर्थ
मंगळवार, ४ ऑगस्ट १९९८

रॉबी,

तुझं पत्र वाचलं. छोटंसंच आहे, पण घाव बरोबर घातलास. 'डेसने मे महिन्यापासून एकाही कार्डाच्या कडेला टेरीला शिवी लिहिलेली नाही. तो आजारी आहे की तुम्ही वेगळे झालात, यातलं एक काय ते लिही.'

वेगळे झालो नाही.

मी पर्थमध्ये आहे. ब्रूममध्ये नाही, आणि कधीच नव्हते. ब्रूमच्या किनाऱ्यावरच्या उंटांचं जे कार्ड तुझ्या फ्रिजवर आहे, ते मी इथल्या हॉस्पिटलच्या खालच्या दुकानातून घेतलं. फिरत्या स्टँडवर असतात, फुलं आणि मासिकांच्या शेजारी. दर आठवड्याला एक घ्यायचे, लिफ्टजवळच्या बाकावर बसून 'इथलं पाणी किती निळं' असं लिहायचे आणि वर जायचे. सुरुवातीला वाटलं, तो उठून बसला की सांगू. मग वाटलं, चालायला लागला की सांगू. आणि मग तुझं पत्र आलं की तुम्हीही घर विकताय, आमच्याकडे बघून. तेव्हा तर सांगणं आणखीच अवघड झालं. तरी मी तुला ते थांब्यांचं पुराण लिहायला बसले. त्या पुराणातला शब्द न् शब्द खरा होता, फक्त त्यातलं जे सांगायचं तेच सांगितलं नाही.

आता सांगते. मर्व्हशी भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

मी आधी उठले. बाहेर दव पडलं होतं, मी किटली ठेवली. डेसला हाक मारली तर तो उठला नाही. वाटलं, रात्रीच्या रागाने झोप उशिरा लागली असेल. चहा घेऊन गेले. तो जागा होता, रॉबी. डोळे उघडे, माझ्याकडे बघत होता, आणि तोंडाची उजवी बाजू ओघळलेली, जणू कुणी तिथून हात फिरवून पुसून काढलीय. काहीतरी म्हणत होता. शब्द नव्हते, नुसता आवाज. डाव्या हाताने त्याने माझी बाही धरली आणि सोडेना. चहा त्याच्या पायांवर सांडला तरी त्याला कळलं नाही. सांडला तो उजव्या पायावर.

जवळचं रोडहाउस, तो पेट्रोल आणि जेवणाचा थांबा, तास-दीड तासावर. फोन तिथेच. मी गाडीत जाऊन बसले. किल्ली लावली. समोर काय, तर बाभळीसारखं झुडूप आणि दगड. आदल्या संध्याकाळी आम्ही सरळ आत शिरून तोंड झाडीकडे करून थांबलो होतो. डेस म्हणाला होता, 'सूर्यास्त समोरून दिसेल, सकाळी वळवू.' आणि आमच्या मागे, हातभर अंतर ठेवून, आणखी एक व्हान रात्री येऊन उभी राहिली होती. मी गाडी मागे घेतली. घर भलतीकडेच वळलं, काटकोनात, काहीतरी कडाडलं. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. आत माझा नवरा, आणि मी त्याला तिथल्या तिथे हिंदोळे देतेय. मग वाटलं, जोडच सोडवावा, नुसती गाडी काढावी. उतरले. तो दांडा कुठल्या बाजूला ओढतात ते मला माहीत नव्हतं. दर थांब्यावर मी त्या वेळी खुर्च्या आत ठेवायचे.

मागच्या व्हानचे पडदे ओढलेले. मर्व्हचे पडदे ओढलेले. आणि तुला सांगते, हसू नकोस, मी त्या दारासमोर क्षणभर उभी राहिले. सभ्यपणा म्हणून. नियम म्हणून. शिवाय डेस काय बोलून आला होता, तेही डोक्यात. मग मी दोन्ही मुठींनी दार बडवलं.

मर्व्ह अर्ध्या चड्डीवर बाहेर आला. "आता काय? रात्री नवरा, सकाळी बायको?"

मी नुसतं आमच्या व्हानकडे बोट केलं. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि अनवाणीच पळाला. आत जाऊन बाहेर आला तो ओरडतच, "शर्ली! रेडिओ!"

त्याच्या गाडीत ट्रकवाल्यांशी बोलायचा रेडिओ होता. शर्ली गाऊनवरच बसून एकसारखी बोलत राहिली, जो कोण ऐकत असेल त्याच्याशी: माणूस आजारी आहे, अर्धांगाचा झटका आलाय, कुणी रोडहाउसच्या जवळ आहे का. कितीतरी वेळ नुसती खरखर. मग एक आवाज आला, आळसावलेला, तरुण. "बोला आजी, ऐकतोय." तो पश्चिमेला होता. त्याने पुढच्याला सांगितलं, पुढच्याने रोडहाउसला, आणि रोडहाउसवाल्यांनी उडत्या डॉक्टरांना, त्या विमानवाल्यांना. तोवर मर्व्हने स्वतःची गाडी सोडवली होती. त्याचं तोंड रस्त्याकडे होतं. मागच्या व्हानमधला माणूस उठून आला, त्याने आणि मर्व्हने डेसला पलंगाच्या चादरीसकट उचलून मागच्या सीटवर निजवलं. डेसने मर्व्हला ओळखलं. डाव्या हाताने त्याला ढकलायला बघत होता. मर्व्ह म्हणाला, "ढकल, ढकल. हात चालतोय ना, बास."

त्या रस्त्यावर एके ठिकाणी पांढरे पट्टे मारलेले असतात, विमान उतरण्यासाठी. तसले पट्टे वाटेत आधीही लागले होते, डेस दर वेळी म्हणायचा, 'बघ, इथे आपल्याला पार्किंग मिळेल.' दोन रोडट्रेन, ते तीन-तीन डब्यांचे ट्रक, दोन बाजूंनी आडव्या लागल्या, वाहनं थांबली, माणसं उतरून टोप्या काढून उभी राहिली. मला त्याचाच जास्त राग आला. टोप्या कशाला काढता, जिवंत आहे तो! मी ओरडलेही तसं. एक जण म्हणाला, "वारा आहे हो बाई, उडू नयेत म्हणून." खरं की खोटं, देव जाणे, पण त्याने ती परत घातली.

विमानात मला जागा दिली. वरून खाली पाहिलं तर आमचं घर दिसलं, वाकडं, झुडपात तोंड खुपसून उभं. दारसुद्धा उघडंच राहिलं होतं.

ते घर मर्व्हने पर्थला आणलं. शर्लीने त्यांचं चालवलं, त्याने आमचं. त्यांना जायचं होतं दक्षिणेला, देवमासे बघायला. मी आभार मानायला गेले तर म्हणाला, "तुमच्या नवऱ्याची गादी फार मऊ आहे, माझी पाठ गेली." हॉस्पिटलमध्ये डेसला भेटायला आला तेव्हाही तसाच. डेसच्या तोंडून तेव्हा पहिला शब्द बाहेर पडला. डॉक्टरीण शेजारीच होती, तिने आधी सांगून ठेवलं होतं की काही शब्द आपोआप परत येतात, कुठले ते सांगता येत नाही. मर्व्ह दारात दिसला आणि डेस स्पष्ट, ठणठणीत म्हणाला, "च्यायला!"

रॉबी, तो एकच शब्द अजून आहे. तो आणि 'नाही'. भूक लागली, च्यायला. पाऊस आला, च्यायला. मी केस कापून आले तेव्हा माझ्या गालाला हात लावून इतक्या मायेने म्हणाला, "च्यायला." हसावं की रडावं ते कळत नाही. बहुतेक वेळा मी भांडी घासते.

शर्लीने मला शिकवलं. रविवारी मोकळ्या पडणाऱ्या एका मोठ्या गाडीतळावर, रिकाम्या बादल्या मांडून. मर्व्ह खुर्ची टाकून बसायचा. "आरशात बघा बाई, माझ्याकडे बघून काय मिळणार? मागे घेताना घर डावीकडे न्यायचंय तर स्टिअरिंग उजवीकडे. नवऱ्यासारखं आहे, उलट सांगायचं." सगळ्या बादल्या चेपल्या, पण आता येतं मला. जोडही येतो लावता. जूनअखेर ते दोघं गेले. त्या दिवसापासून या कॅरव्हान पार्कात, जिथे आम्ही घर लावून राहतो, माझ्याशी मोठ्याने बोलणारं कुणी नाही.

डेस दवाखान्यातून सुटून आता इथेच आहे माझ्यापाशी, काठी घेऊन न्हाणीघरापर्यंत जातो. उजवा हात मांडीवर पडलेला असतो, तो डाव्याने उचलून ठेवतो, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. रात्री पायऱ्यांवरून पडेल म्हणून मी दाराला आडवी झोपते. झोपते म्हणजे काय, पडते.

बॅलरॅटला परत जाऊन दार उघडावं असं घर आता नाही. तू तेव्हा जे म्हणालीस ते बरोबर होतं की मी, हा वाद आता नको. मजाही होती, रॉबी, ते खोटं नाही. पहिले दोन महिने मी जन्मात हसले नव्हते एवढी हसले. पण सह्या करू नका. एवढ्यासाठी हे सगळं लिहिलं. फिरा, खूप फिरा, पण परत येऊन किल्ली लावायला एक दार ठेवा.

तू काही करावंस म्हणून लिहिलेलं नाही. माझं चाललंय.

ग्लेन


पर्थ
शुक्रवार, २८ ऑगस्ट १९९८

प्रिय रॉबी,

परवा पार्कच्या ऑफिसातल्या बाईने हाक मारली, 'पूर्वेकडून फोन', तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. ओल्या हातांनी धावले. रिसीव्हर कानाला लावला. आणि मग 'भवाने'. आई गेल्यापासून मला कुणी भवानी म्हटलं नव्हतं. 'तीन महिने तू मला सूर्यास्त पाठवत होतीस?' ऑफिसातली बाई शेजारी बसून विणकाम करत होती, तिचे टाकेसुद्धा थांबले.

गिऱ्हाईकाला टेरीने फाटकावरूनच परत पाठवलं हे ऐकून छातीवरचं ओझं उतरलं. पण मग तू ते दुसरं म्हणालीस. की तू रेल्वेने इकडे येतेस, आपण तिघं मिळून व्हान घेऊन परत जाऊ, आणि तुमच्या शेडच्या बाजूला, लिंबाच्या झाडाखाली, नळ आहे, वीज आहे, तिथे आम्ही राहायचं. आणि मी 'विचार करून सांगते' म्हणून फोन ठेवला. टेरीला वाटलं असेल, हिचा माज अजून गेला नाही. माज नव्हता गं. डेसला विचारायचं होतं.

डेसला विचारणं ही साधी गोष्ट राहिलेली नाही, ते तुला इथे आल्यावर दिसेलच. त्याला अजून उत्तरेला जायचंय. रोज सकाळी तो टेबलावर मोठा नकाशा पसरतो आणि डाव्या हाताचं बोट किनाऱ्यावरून वर वर नेतो, ब्रूमपर्यंत, आणि माझ्याकडे बघतो. मी म्हणायचे, 'बघू हं, थोडा बरा हो.' लहान मुलाला म्हणतात तसं. त्याला ते कळायचं. चिडायचा. कप ढकलून द्यायचा.

तुझ्या फोनच्या संध्याकाळी मी त्याच्यासमोर बसले. म्हटलं, "रॉबी येतेय. मिल्ड्युराला जायचं, त्यांच्या बागेत राहायचं म्हणते."

"नाही."

"आपलीच व्हान, डेस. आपलंच घर. फक्त उभं राहायची जागा त्यांची."

"नाही. नाही." आणि बोट ब्रूमवर, ठक ठक ठक. मग ती शिवी, तीन-चार वेळा, चढत चढत. शेजारच्या व्हानमध्ये कुणीतरी रेडिओ लहान केला.

मी आजवर त्याच्याशी डॉक्टरांनी सांगितल्यासारखीच बोलत आले होते, शांत, सावकाश, हसऱ्या तोंडाने. त्या दिवशी तसं काही जमलं नाही. मी म्हटलं, "डेस, मी दमलेय. मला झोप नाही. तू पडशील म्हणून मी दाराशी झोपते आणि तू पडला नाहीस तरी मी पडल्यासारखी उठते. मला ब्रूमला नेता येईल, गाडी येते मला. पण तिथे पोचल्यावर मी तुझ्याबरोबर समुद्र बघणार नाही. मी गाडीतच झोपून जाईन. तुला एकट्याला उतरावं लागेल."

मग त्याने नकाशा घडी करायला घेतला. तुला ठाऊक आहे ते नकाशे, दोन हात असलेल्यांनाही नीट मिटत नाहीत. एका हाताने तो ती घडी दाबायचा, ती उघडायची. हनुवटीने दाबून बघितली. कोपराने. मी उठणार होते, पण बसून राहिले. बाहेर अंधार पडायला लागला, दिवा लावायचा होता, तोही लावला नाही. शेवटी चुरगळलेली, जाडजूड, वाकडी अशी एक घडी झाली. ती त्याने माझ्याकडे सरकवली. शिवी दिली नाही, 'नाही'ही म्हणाला नाही. हात माझ्या मनगटावर ठेवून तसाच बसला. नंतर मी पाहिलं तर तो रडत होता, आणि मी नव्हते. माझं रडणं कुठेतरी मागे राहिलंय, येईल मागून.

तर रॉबी, ये.

हे लिहायला मला किती वेळ लागला ते विचारू नकोस. मी थोरली. पावसात तुला खांद्यावर घेऊन शाळेत मी नेलंय, तुझं लग्न मी उभं केलंय. 'ये' हा शब्द तुझ्यासाठी म्हणायची सवय होती, माझ्यासाठी नव्हती. ये.

आता थोडं कामाचं. तिघांनी व्हानमध्ये राहायचं म्हणजे एक उभा राहिला की बाकीच्यांनी बसायचं. पलंग तुझा आणि माझा, डेस टेबलाच्या बाकावर, तिथून पडला तरी खाली उशा घालता येतात. सकाळी तो दाढी करतो तेव्हा त्याच्याकडे बघू नकोस, त्याला आवडत नाही. गालावर रक्त दिसलं तरी सांगू नकोस. त्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही, त्याला जे म्हणायचंय ते त्या एका शब्दात तो म्हणेल आणि तू वाट बघायचीस. सुरुवातीला तुला रडू येईल. ते व्हानच्या मागे जाऊन उरक, मीही तिथेच जाते, जागा चांगली आहे. गरम कपडे आण. पठारावर रात्री पाणी गोठतं. टेरीला म्हणावं, डेसला चिठ्ठी लिही, वाटेल त्या शिव्या घाल, मी वाचून दाखवीन.

स्टेशनवर मी येईन. डेसला ऑफिसातल्या बाईपाशी बसवून येईन, तशी ती चांगली आहे. तू मला पटकन ओळखणार नाहीस. केस कापलेत, वजन उतरलंय, अंगावरचा कोट डेसचा आहे. ओळखलंस की काही बोलू नकोस, 'काय ही दशा' वगैरे अजिबात नको, नाहीतर मी तिथेच फलाटावर बसेन आणि मग उठवायला हमाल लागेल. नुसती चल माझ्याबरोबर. आणि तुझी बॅग तूच उचल, रॉबी. मी पुढे होऊन हात पुढे करीन, सवयीने, तरी देऊ नकोस. आता माझ्यात कुणाचंही काही उचलायचं त्राण नाही.

वाट बघतेय.

तुझी, फार थकलेली,
ग्लेन